एक पेटी, दोन घरं आणि जमिनीचा एक पट्टा: एमिली डिकिन्सनच्या कवितांचं प्रकरण

15 मे 1886 रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्ट गावात कवयित्री एमिली डिकिन्सन वारली. वय 55. वडील एडवर्ड वकील, अ‍ॅमहर्स्ट कॉलेजचे खजिनदार, एक मुदत वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये बसून आलेले. म्हणजे गावात घराण्याचं नाव मोठं. आईवडील आधीच गेले होते. घरात मागे राहिली धाकटी, अविवाहित बहीण लॅव्हिनिया. शेजारच्या ‘एव्हरग्रीन्स’ या घरात थोरला भाऊ ऑस्टिन आणि त्याची बायको सुझन.

एमिलीला आलेली पत्रं लॅव्हिनियाने जाळून टाकली. तशी एमिलीचीच इच्छा होती. मग तिच्या हाती कविता लागल्या. बहीण लिहिते हे तिला ठाऊक होतं, पण किती लिहिते याचा अंदाज नव्हता. घडीचे कागद एकावर एक रचून, कडेला भोकं पाडून दोऱ्याने बांधलेल्या 40 वह्या. त्यांत आठशेहून अधिक कविता. शिवाय न शिवलेले ताव आणि सुट्या चिटोऱ्यांवरचे, पाकिटांच्या मागच्या बाजूंवरचे खर्डे. पत्रांतून इतरांना पाठवलेल्या कविता धरल्या तर एकूण आकडा अठराशेच्या आसपास जातो. पत्रांचं काय करायचं ते सांगून ठेवलेलं होतं. कवितांबद्दल एक अक्षर नाही.

इथून पुढे जे झालं ते बहुतेक वेळा ‘संपादकांनी एमिलीची कविता बिघडवली’ अशा एका वाक्यात सांगितलं जातं. बिघडवली हे खरंच आहे आणि त्याचे नमुने खाली देतो. पण सगळी कागदपत्रं एकापुढे एक ठेवली की वेगळंच दिसतं. शब्दांत केलेल्या दुरुस्त्या पुढे बऱ्याचशा निस्तरता आल्या. जे निस्तरायला सर्वांत जास्त वर्षं लागली ती कागदांची वाटणी होती.

आधी एमिलीची स्वतःची बाजू पाहू, कारण मरणोत्तर प्रकाशनाच्या प्रत्येक वादात तिलाच साक्षीला उभं केलं जातं.

एप्रिल 1862 मध्ये ‘अटलांटिक मंथली’त टॉमस वेंटवर्थ हिगिन्सनचा नव्या लेखकांना सल्ला देणारा लेख आला. हा माणूस धर्मोपदेशक होता, गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता, आणि त्याच वर्षी पुढे मुक्त झालेल्या काळ्या सैनिकांच्या पलटणीचा कर्नल झाला. 15 एप्रिलला एमिलीने त्याला चार कविता पाठवल्या आणि विचारलं, माझी कविता जिवंत आहे का, हे सांगायला आपल्याला सवड आहे का? पत्राखाली सही नव्हती; नाव वेगळ्या कार्डावर लिहून आतल्या छोट्या पाकिटात घातलेलं होतं. हिगिन्सन चकित झाला, गोंधळला, आणि छापायची घाई करू नका अशा अर्थाचं काहीतरी त्याने कळवलं. तिने उत्तर दिलं की छापण्याचा विचार माझ्यापासून माशाच्या पंखांपासून आकाश असावं इतका दूर आहे. पत्रव्यवहार मात्र तिने मरेपर्यंत चालू ठेवला. छापायचंच नव्हतं तर एका नामांकित मासिकाच्या लेखकाला कविता कशाला पाठवायच्या, हा प्रश्न अभ्यासक आजही घोळवतात.

हयातीत तिच्या ज्या कविता छापल्या गेल्याचं आज माहीत आहे त्या जेमतेम दहा, आणि सगळ्या निनावी. त्यातल्या एकीची गोष्ट इथे महत्त्वाची आहे. गवतातून सरपटणाऱ्या सापावरची तिची कविता 14 फेब्रुवारी 1866 रोजी ‘स्प्रिंगफील्ड डेली रिपब्लिकन’मध्ये आली. वर ‘साप’ असं शीर्षक ठोकलेलं, म्हणजे कोड्याचं उत्तर आधीच फोडलेलं. शिवाय तिसऱ्या ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह. तिच्या लेखी तिसरी ओळ चौथीत वाहत जाणारी होती; चिन्हाने ती तोडली. एमिलीने हिगिन्सनला तक्रार केली की कविता माझ्याकडून चोरली गेली आणि वर विरामचिन्हाने त्या ओळीचा पराभवही केला. एका चिन्हासाठी इतका संताप! पुढे तिच्या जवळजवळ प्रत्येक कवितेच्या वाट्याला हेच येणार होतं, आणि ते करणाऱ्या दोघांपैकी एक जण म्हणजे ही तक्रार ज्याच्या हातात पडली तोच.

लॅव्हिनियाकडे परत येऊ. कवितांमधलं तिला कितपत कळत होतं याविषयी शंका घ्यायला जागा आहे, पण हे छापलंच पाहिजे या एका गोष्टीवर ती अडून बसली. आधी तिने सुझनला गाठलं. सर्वांत योग्य माणूस खरं तर तीच. तरुणपणापासूनची मैत्रीण, मग वहिनी. कुंपणापलीकडे एमिलीने सर्वाधिक कविता तिलाच पाठवल्या होत्या. 1861 मध्ये पांढऱ्याशुभ्र दगडी दालनांत निजलेल्या मृतांवरच्या कवितेबद्दल दोघींमध्ये झालेली चिठ्ठ्यांची देवाणघेवाण पाहिली तर सुझन ही नुसती वाचक नव्हती, तिला संपादकाची नजर होती हे लगेच कळतं. दुसरं कडवं तिला पटलं नाही, एमिलीने नवं लिहून पाठवलं, तेही पटलं नाही. पहिलं कडवं स्वतःतच पुरं आहे, त्याला जोडीदार लागत नाही, असं तिने स्पष्ट कळवलं.

पण सुझनचं काम हळू चाललं. तिच्या मनात खासगी वितरणासाठीचं, पत्रं आणि गद्यही असलेलं एक वेगळंच पुस्तक होतं. लॅव्हिनियाला धीर नव्हता. तिने कागद परत घेतले आणि मेबल लूमिस टॉडकडे नेले.

आता घरातली गोष्ट सांगावीच लागते, तिच्याशिवाय पुढचं काही कळत नाही. मेबल ही अ‍ॅमहर्स्ट कॉलेजातले खगोलशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड टॉड यांची बायको. 1881 मध्ये ती गावात आली. तरुण, हुशार, गाणारी, चित्रं काढणारी. 1882 पासून तिचे आणि ऑस्टिनचे प्रेमसंबंध होते आणि ते ऑस्टिनच्या मरणापर्यंत टिकले. ऑस्टिन म्हणजे सुझनचा नवरा. म्हणजे लॅव्हिनियाने एका घरातून कागद उचलले आणि त्याच घरातल्या बाईच्या सवतीसमान स्त्रीच्या हाती दिले. तिला हे माहीत होतं. तरी दिले. गंमत अशी की मेबलने एमिलीला समोरासमोर कधीच पाहिलं नव्हतं. ती डिकिन्सनांच्या दिवाणखान्यात गायची आणि एमिली आतल्या बाजूला, नजरेआड बसून ऐकायची.

मेबलच्या बाजूने एवढं मान्य करायलाच हवं की काम तिने केलं. एमिलीचं अक्षर वाचणं ही शिक्षा होती, त्यात वर्षागणिक ते बदलत गेलेलं. शेकडो कविता तिने हाताने आणि टंकलेखन यंत्रावर उतरवून काढल्या. शिवाय एक अडचण अशी होती जिला तोवरच्या छापखान्यात उत्तरच नव्हतं. एमिली एखाद्या शब्दाशेजारी छोटं अधिकचिन्ह करायची आणि कवितेच्या तळाशी त्याचे पर्यायी शब्द लिहून ठेवायची, कधी दोन, कधी चार. निवड मात्र करायची नाही. गाथेचे पाठभेद आपल्याला ठाऊक असतात, पण ते नकलाकारांच्या हातून, निरनिराळ्या पोथ्यांतून आलेले असतात. इथे एकाच कागदावर कवयित्रीच पाठभेद मांडून बसलेली. छापायचं तर एक शब्द ठेवून बाकीचे टाकणं भाग होतं. तो निर्णय जो कोणी घेईल, त्याने कवितेत हात घातलाच.

हिगिन्सन आधी बिचकला होता, मग तयार झाला. बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेचा टॉमस नाइल्स तर उघड नाखूश होता. या कवितांत गुणांइतकेच दोष आहेत असं त्याचं मत होतं. मुद्रणाच्या पाट्यांचा खर्च लॅव्हिनियाने सोसावा या अटीवर त्याने छोटी आवृत्ती काढायचं कबूल केलं. 12 नोव्हेंबर 1890 ला ‘पोएम्स’ बाहेर आलं. 115 कविता, मुखपृष्ठावर मेबलने रंगवलेल्या ‘इंडियन पाइप’ फुलांचं चित्र.

प्रस्तावनेत हिगिन्सनने म्हटलं की या कविता मुळांसकट उपटल्यासारख्या आहेत, पाऊस, दव आणि माती अजून त्यांना चिकटलेली आहे. वाक्य सुंदर आहे. फक्त ती माती धुऊन काढायचं काम याच दोघांनी केलं होतं.

मृत्यू घोडागाडी घेऊन दाराशी येतो ती तिची बहुधा सर्वांत प्रसिद्ध कविता. मूळ कवितेला शीर्षक नाही. पुस्तकात ‘रथ’ असं आलं. वाटेत शाळा लागते. एमिलीने लिहिलं होतं की मुलं मधल्या सुटीत कडं करून झटत होती. ‘रिंग’ला पुढे यमक ‘सन’चं, म्हणजे अर्धवट, कानाला टोचणारं. छापताना मुलं ‘खेळत होती, धडे नुकतेच संपलेले’ असं झालं आणि ‘डन–सन’ असं स्वच्छ यमक मिळालं. पुढे गाडी थांबते ते घर म्हणजे थडगं. तिथे एमिलीने ‘ग्राउंड’ला यमक म्हणून पुन्हा ‘ग्राउंड’च ठेवलं होतं. जमिनीला जमीनच. वाचणाऱ्याला पुढे जायला वाट राहत नाही, आणि तेच तिला हवं होतं असं मला वाटतं. संपादकांना हे नवशिकेपण वाटलं. एका ठिकाणी ‘माउंड’ आलं.

याहून मोठी गोष्ट म्हणजे अख्खं एक कडवं गळलं. आपण मावळता सूर्य मागे टाकला असं म्हटल्यावर एमिली लगेच स्वतःला खोडते: नाही, तोच आपल्याला मागे टाकून गेला. मग दव पडतं, थंडी वाजते, अंगात विरविरीत झगा. हे कडवं काढलं की मृत्यूची गाडी शेवटपर्यंत उबदार सहलीची गाडी राहते. कवितेत गारठा शिरतो तो याच जागी. एखादा शब्द बदलल्याने इतकं बिघडत नाही.

काही बदल तर निव्वळ संकोचातून आले. मी दलदलीचं माळरान पाहिलं नाही, समुद्र पाहिला नाही, तरी ते कसे असतील हे जाणते, अशी एक छोटी कविता आहे. शेवटी ती म्हणते की स्वर्गाच्या जागेबद्दलही मला खात्री आहे, जणू ‘चेक्स’ दिलेच आहेत. हे रेल्वेच्या प्रवाशाजवळचे ‘चेक्स’, तिकिटाच्या जातीचे. स्वर्गाला रेल्वेचं तिकीट! ते बदलून ‘चार्ट’ म्हणजे नकाशा करण्यात आला. कविता अधिक सभ्य झाली आणि तिच्यातली मिश्कील बाई निघून गेली.

मग जे झालं त्याने नाइल्ससकट सगळेच चक्रावले. पुस्तक खपलं. कादंबरीकार विल्यम डीन हॉवेल्सने ‘हार्पर्स’ मासिकात मनापासून स्तुती केली आणि दोनेक वर्षांत अकरा आवृत्त्या निघाल्या. ‘अटलांटिक’मध्ये कवी टॉमस बेली ऑल्ड्रिचने मात्र 1892 च्या जानेवारीत या ओबडधोबड कवितांच्या अगदी शेजारीच विस्मृती घुटमळते आहे अशी टवाळी केली. दुरुस्त केलेलीच कविता त्याला इतकी ओबडधोबड वाटली, हे आजच्या वाचकाने ध्यानात घ्यावं. मूळ रूपात ती गेली असती तर 1890 मध्ये तिचं काय झालं असतं? दुसऱ्या संग्रहाच्या तयारीत हिगिन्सनने स्वतःच मेबलला लिहिलं की लोकांचा कान आता उघडला आहे, यापुढे शक्य तितकं कमी बदलू. त्याची कुचंबणा इथे कळते. त्याच काळात ‘रानवट रात्रीं’वरची कविता छापायला तो घाबरला, या एकान्तवासी कुमारिकेच्या स्वप्नातही आलं नसेल असं काहीतरी दुष्ट लोक तिच्यात वाचतील ही भीती. तरी 1891 मध्ये ती छापली. त्या वर्षीच्या दुसऱ्या संग्रहात 166 कविता होत्या, 1894 मध्ये पत्रांचे दोन खंड आले, 1896 मध्ये तिसरा संग्रह. ही गती टिकली असती तर विसावं शतक उजाडेपर्यंत बहुतेक सगळ्या कविता बाहेर आल्या असत्या.

ऑगस्ट 1895 मध्ये ऑस्टिन वारला. मेबलला डिकिन्सनांच्या जमिनीतला एक पट्टा मिळावा अशी त्याची इच्छा होती. तो टॉडांच्या घराला लागूनच होता. कवितांच्या कामाचे पैसे मेबलला नावापुरतेच मिळालेले, त्यामुळे हा पट्टा म्हणजे आपल्या कामाचं मोल, असंही ती धरून चालली. फेब्रुवारी 1896 मध्ये लॅव्हिनियाने खरेदीखतासारख्या त्या कागदावर सही केली. वसंतात टॉड दांपत्य सूर्यग्रहण पाहायला जपानला गेलं. परत आल्यावर नोव्हेंबरात लॅव्हिनियाने दावा ठोकला: मी कशावर सही करते आहे हे मला कळलंच नव्हतं. 1898 मध्ये नॉर्थॅम्प्टनच्या न्यायालयात सुनावणी झाली. एका बाजूला गावातलं जुनं घराणं आणि साधीभोळी दिसणारी वयस्कर बाई, दुसऱ्या बाजूला जिच्याबद्दल गाव पंधरा वर्षं कुजबुजत होतं ती परकी. निकाल लॅव्हिनियाच्या बाजूने लागला, अपिलातही टिकला.

बांधावरून जन्माचं वैर धरणारी घरं आपल्या गावांत कमी नाहीत. पण बांधाच्या भांडणात एका भाषेतली सर्वश्रेष्ठ म्हणावी अशी शेकडो पानं अडकून पडल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. मेबलने तिच्याकडे असलेली हस्तलिखितं कापराच्या लाकडाच्या पेटीत घालून कुलूप लावलं. लॅव्हिनिया 1899 मध्ये गेली. पेटी तीसेक वर्षं बंद राहिली.

बाकीचे कागद पलीकडच्या घरात. सुझन 1913 मध्ये वारली आणि तिच्या मुलीने, मार्था डिकिन्सन बियांकीने, पुढच्याच वर्षापासून आपल्या वाट्याच्या कविता छापायला घेतल्या. 1929 च्या तिच्या संग्रहाच्या नावातच ‘बहीण लॅव्हिनियाने प्रकाशनापासून रोखून धरलेल्या’ असा शब्दप्रयोग आहे. जिने पदरचे पैसे घालून पहिलं पुस्तक छापवलं तिच्यावर हा शिक्का! मेबल 1932 मध्ये गेली. तिच्या मुलीने, मिलिसेंट टॉड बिंगहॅमने, पेटीतल्या सहाशेहून अधिक कविता 1945 मध्ये प्रसिद्ध केल्या, तेही बियांकी 1943 मध्ये वारल्यानंतर. दोन आयांचं वैर दोन मुलींनी इमानाने चालवलं. एका घराकडे वारसाहक्क, दुसऱ्याकडे पेटीतले कागद, आणि पूर्ण कविता कोणाकडेच नाहीत.

वैराने कागदांवरही वळ उठवले. एमिलीच्या लिखाणात जिथे सुझनचा उल्लेख होता तिथे काही ठिकाणी तो खरवडलेला, तर वहिनीला उद्देशून लिहिलेली एक कविता शाईने गिरगटून टाकलेली आढळली. बोट बहुतेक अभ्यासक टॉड–ऑस्टिन या बाजूकडे दाखवतात.

1950 मध्ये बियांकीकडचा वाटा हार्वर्डकडे आला, 1956 मध्ये बिंगहॅमने आपल्याकडचा अ‍ॅमहर्स्ट कॉलेजला दिला. माणसं गेली, संस्था आल्या, वाटणी कायम. त्या मधल्या फटीत अभ्यासक टॉमस जॉन्सन यांनी 1955 मध्ये तीन खंड काढले: 1,775 कविता, एमिलीच्या आडव्या रेघा जशाच्या तशा, मोठी अक्षरं तिच्यासारखीच, पर्यायी शब्द तळाशी, शीर्षकं नाहीत. कवयित्रीच्या मृत्यूनंतर 69 वर्षांनी तिची संपूर्ण कविता तिच्या विरामचिन्हांसह वाचता आली.

पण वह्या? त्यांचे दोरे मेबलच्या काळातच सुटले होते आणि पानं सरमिसळ झाली होती. कोणत्या कवितेनंतर तिने कोणती ठेवली होती हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. अभ्यासक राल्फ फ्रँकलिन यांनी हे काम तपास अधिकाऱ्यासारखं केलं. कागदाचा प्रकार, सुईची भोकं एकमेकांवर बसतात का, समोरच्या पानावर उमटलेले शाईचे डाग, दोऱ्याच्या ताणाने फाटलेल्या कडा. 1981 मध्ये सगळ्या वह्या मूळ क्रमात, हस्ताक्षराच्या छायाप्रतींसह छापल्या गेल्या; 1998 मध्ये त्यांची 1,789 कवितांची आवृत्ती आली. त्यांच्या कामावरूनही वाद झाला. कवयित्री सुझन हाउ यांचं म्हणणं, ओळ कागदावर जिथे मोडते तिथेच ती मोडायला हवी. फ्रँकलिन यांचं, कागद संपला म्हणून ओळ मोडली. मला यात फ्रँकलिन यांची बाजू थोडी जड वाटते, पण पाकिटांच्या तिरक्या कोपऱ्यांत बसवलेले तिचे शेवटचे खर्डे पाहताना तेवढी खात्री वाटत नाही. 2013 पासून दोन्ही संस्थांकडची हस्तलिखितं एका संकेतस्थळावर पाहता येतात, तेव्हा ज्याचं त्याने ठरवावं.

मग दोष कोणाचा? हिगिन्सन–टॉड यांनी शब्द बदलले, पण मूळ कागद नष्ट केले नाहीत, म्हणून 1955 शक्य झालं. लॅव्हिनिया उतावळी होती, आणि तिच्या उतावीळपणामुळेच 1890 घडलं. सुझनच्या हातात सगळं राहिलं असतं तर पुस्तक अधिक जाणतं झालं असतं, किंवा झालंच नसतं. मी यातल्या कोणालाही खलनायक करू शकत नाही. खटला मात्र पूर्णपणे टाळता येण्यासारखा होता, आणि त्याची किंमत ना मेबलने मोजली ना लॅव्हिनियाने.

इंटरनेटवर डिकिन्सन वाचणाऱ्यांसाठी यातली एक गोष्ट आजही कामाची आहे. जॉन्सन आणि फ्रँकलिन यांच्या पाठांवर हार्वर्ड हक्क सांगतं. 1890 च्या दशकातले पाठ हक्कमुक्त आहेत. त्यामुळे फुकट संकेतस्थळांवर, भेटकार्डांवर, उताऱ्यांत वारंवार जुनाच पाठ फिरतो. कवितेला शीर्षक असेल, रेघांच्या जागी स्वल्पविराम असतील आणि यमक अगदी गुळगुळीत असेल, तर ती बहुधा 1890 ची समजावी. दगडी दालनांतल्या मृतांची कविता तर जरूर तपासावी. एमिलीने एका दुसऱ्या कडव्याच्या जागी दुसरं लिहिलं होतं. 1890 च्या पुस्तकात ती दोन्ही एकाखाली एक लावून तीन कडव्यांची कविता केली आहे. तशी ती तिने लिहिलेली नव्हती. जॉन्सन यांनी 216 या एकाच क्रमांकाखाली दोन्ही रूपं वेगवेगळी छापली, एक 1859 चं, एक 1861 चं.